सहाव्या चालीनंतर शेजारी येऊन बसलेल्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तीन आठवडे झाले, तरी तो प्रसंग आठवला की मला भरून येते. सांगलीतल्या त्या स्पर्धेत माझी मुलगी काळ्या मोहऱ्यांनी कॅरो-कान हा बचाव खेळली आणि सहाव्याच चालीला मात झाली. पांढऱ्याचा वजीर ई२ वर आलेला असताना, एक घोडा आधीच डी७ वर नेलेल्या हिने सवयीने दुसराही एफ६ वर काढला. पांढरा घोडा डी६ वर बसला, त्याला मारू शकणारे ई७ चे प्यादे वजिराच्या रोखात अडकलेले (ते हलले की राजाला शह) आणि राजाभोवतीची घरे स्वतःच्याच मोहऱ्यांनी भरलेली. वीस-वीस चालींच्या झेरॉक्स पाठ करून घेणारे तिचे तेव्हाचे प्रशिक्षक एवढेच म्हणाले, की पाठांतर कच्चे आहे.

आपली-आमची ओळखही नव्हती. आपण शेजारच्या पटावर तोच डाव मांडलात, पांढरी बाजू तिच्याकडे वळवलीत, स्वतः काळ्या मोहऱ्या घेऊन तीच चूक केलीत आणि तिच्या हातून मात घेतलीत. "मीही एकदा अशीच घेतली होती," असे आपण म्हणालात, तेव्हा मी काढलेला रुमाल परत पर्समध्ये गेला.

भाग्यश्री साठे आणि स्वाती घाटे या बुद्धिबळपटूंच्या सांगलीत बुद्धिबळ शिकवणारे पुष्कळ भेटतात. हरलेल्या मुलीसाठी हरायला बसणारे मला आपणच भेटलात.

त्या अर्ध्या तासाचे फळ आता आमच्या स्वयंपाकघरात दिसते. भडंगातले शेंगदाणे ओट्यावर मांडून ती मला समजावते, की १८८६ मध्ये कॅरो आणि कान यांनी अभ्यासलेल्या या बचावात सी६ ची चाल डी५ ला आधार देते आणि फ्रेंच बचावात ई६ मुळे कोंडला जाणारा उंट इथे मोकळा राहतो. म्हणून पांढऱ्याने ई५ असे प्यादे पुढे रेटले, तर आधी उंट एफ५ वर काढायचा आणि मगच ई६ करायचे. याच बचावाच्या क्लासिकल प्रकारात जी६ वर गेलेल्या उंटाला पांढऱ्याच्या एच४ नंतर एच६ करून मागे हटायला घर ठेवायचे, हे सांगताना तर ती एक दाणा खरोखरच मागे सरकवते.

पॅनोव्ह हल्ला या पांढऱ्याच्या दुसऱ्या प्रकारात पांढऱ्याचे डी४ चे प्यादे बहुधा एकटे पडते. ते कच्चे समजायचे की धोक्याचे, यावर आमचे एकमत होत नाही. तो दाणा तिने मला खाऊ दिलेला नाही. रविवारी तिला घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एका खेळाडूची आई