कराराची केस वकिलापर्यंत जाण्याआधी टेबलावर येते, त्या टेबलावरच्या माणसाला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या पेपरात व्यापार करारांच्या बातम्या सारख्या येतायत. ब्रिटनबरोबरच्या करारावर जुलै २०२५ मध्ये सह्या झाल्या, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइनबरोबरचा करार तर १ ऑक्टोबर २०२५ पासून लागूही झाला. चर्चा सगळी काय स्वस्त होणार आणि कुणाचा माल बाहेर जाणार याची. मला काळजी वेगळीच वाटते. उद्या यातल्या एखाद्या कराराचा भंग झाला अशी तक्रार आली तर तिचं पहिलं उत्तर कोण लिहिणार? मोठे वकील नंतर येतात हो, आधी माहिती मागवणारं पत्र फिरत फिरत कुठल्यातरी खात्याच्या कुठल्यातरी कार्यासनावर, म्हणजे टेबलावर, येऊन पडतं, आणि तिथे बसलेल्या माणसाने काय लिहिलं, काय लिहिलं नाही, किती दिवसांनी लिहिलं, यावर पुढची अर्धी केस ठरते.

मी राज्य शासनातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. बरीच वर्षं कोर्ट केसेसच्याच टेबलावर होते. परिच्छेदनिहाय अभिप्राय, म्हणजे याचिकेतल्या एकेका परिच्छेदाला खात्याचं उत्तर, तयार करायचे, ते सरकारी वकिलांच्या ऑफिसात पोचवायचे, शपथपत्रावर सही कोण करणार ते ठरेपर्यंत तारीख उलटायची, आणि अवमान याचिका आली की मग सगळा विभाग जागा व्हायचा. आपल्या हायकोर्टात निदान वेळ वाढवून मिळते. बाहेरच्या लवादासमोर, म्हणजे वाद सोडवायला नेमलेल्या पंचांसमोर, किंवा जागतिक व्यापार संघटनेसमोर देश उभा असतो, तिथे "संबंधित विभागाकडून माहिती अप्राप्त आहे" हे उत्तर चालत नाही. आणि माझ्या सगळ्या नोकरीत या विषयाचं एक दिवसाचंही ट्रेनिंग मला कुणी दिलं नाही.

युरोपात हे काम कसं चालतं ते निवृत्तीनंतर बरंच वाचलं. युरोपियन युनियनचा कायदा सदस्य देशांच्या कायद्याच्या वर असतो, तो पाळला नाही की युरोपियन कमिशन आधी त्या देशाला औपचारिक नोटीस पाठवतं, उत्तराला साधारण दोन महिने देतं, उत्तर पटलं नाही तर कारणांसहित दुसरं पत्र जातं, आणि तरीही सुधारणा नाही झाली तर युनियनच्या लक्झेंबर्गमधल्या कोर्टात केस. निकाल लागूनही देश ढिम्म राहिला तर पुन्हा कोर्ट, आणि या वेळी दंड. बहुतेक प्रकरणं कोर्टाच्या पायरीपर्यंत जातच नाहीत, पत्रापत्रीतच मिटतात. म्हणजे खरं काम पत्र लिहिणाऱ्याचं. शिवाय पत्रात जे मुद्दे आले त्यांच्या बाहेर कमिशनला नंतर कोर्टात जाता येत नाही, आणि दुसऱ्या पत्रातली मुदत संपली त्या दिवशी परिस्थिती काय होती तेच कोर्ट बघतं, नंतर चार महिन्यांनी कायदा केला तरी भंग झाला तो झालाच. हे ज्याला माहीत आहे तो अधिकारी मुदतीच्या आत काम पूर्ण करून घेण्यासाठी जीव टाकेल, ज्याला माहीत नाही तो "कार्यवाही सुरू आहे" एवढं लिहून मोकळा होईल.

ग्रीसचं उदाहरण मला फार जवळचं वाटलं, कारण ते कचऱ्याचं आहे. क्रीट बेटावर हानिया शहराजवळ कुरुपितोस नावाच्या ओढ्याच्या घळीत कचरा टाकला जायचा, घातक कचरासुद्धा. १९९२ मध्ये कोर्टाने ग्रीसविरुद्ध निकाल दिला. ग्रीसचं म्हणणं होतं की पर्यायी जागेला लोकांचा विरोध आहे. कोर्टाने सांगितलं, ही तुमची घरातली अडचण, ती सांगून जबाबदारी टळत नाही. तरी डंपिंग चालूच राहिलं आणि जुलै २००० मध्ये दर दिवसाला २०,००० युरो दंड बसला, निकाल न पाळल्याबद्दल असा दंड होण्याची ती पहिलीच वेळ. कचरा एका गावाजवळचा आणि दंड भरला देशाने. आपल्याकडे देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय, २०१६ च्या आगींनंतर हायकोर्टाने मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्याच थांबवल्या होत्या, तेव्हा कचऱ्याची फाइल कुठपर्यंत जाऊ शकते ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

इटलीचं तर आणखी शिकण्यासारखं आहे. बेकायदा कचराभूमींच्या केसमध्ये डिसेंबर २०१४ ला ४ कोटी युरो एकरकमी दंड झाला आणि वर दर सहा महिन्यांनी ४ कोटी २८ लाख, पण प्रत्येक जागा साफ झाल्याचा पुरावा दिला की त्यातून रक्कम कमी होणार, घातक कचऱ्याची जागा असेल तर ४ लाख, साधी असेल तर २ लाख. म्हणजे एकेका जागेची नीट फाइल बनवणारा माणूस दर सहामाहीला देशाचे लाखो युरो वाचवतो! हे काम कुठल्या सिनिअर कौन्सेलचं नाही, ते तलाठी, इंजिनिअर, कक्ष अधिकारी यांच्या हातचं काम आहे.

म्हणूनच तिकडे अधिकाऱ्यांना हे रीतसर शिकवतात. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्तला १९८१ पासून सार्वजनिक प्रशासनाची युरोपीय संस्था आहे, जर्मनीत ट्रिअरला युरोपीय कायद्याची अकादमी आहे. नोटीस कशी वाचायची, माहिती कुणाकडून गोळा करायची, कुठे मान्य करून वेळापत्रक द्यायचं आणि कुठे पुराव्यानिशी भांडायचं, हे सगळं शिकवून येण्यासारखं आहे.

आता कुणी म्हणेल की भारत युरोपियन युनियनमध्ये नाही, आपल्या डोक्यावर असं कोर्ट नाही, मग हा उपद्व्याप कशाला. तसं कोर्ट नाही हे खरंच आहे. पण करार आहेत, लवाद आहेत, जागतिक व्यापार संघटना आहे, आणि राज्याने केलेल्या गोष्टीसाठी केंद्राला तिथे उभं राहावं लागतं. महाराष्ट्राला तर हे दाभोळच्या वीज प्रकल्पाने शिकवलंय. २००१ मध्ये आपल्या वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला, आणि जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या कंपन्या आपल्या मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराच्या आधारे लवादात गेल्या, भारत सरकारविरुद्ध. २००५ मध्ये तडजोड झाली. तो प्रकल्प, ते दर, तो वाद यावर माझी मतं आहेत पण तो आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच की गुहागर तालुक्यातला प्रकल्प आणि मुंबईतल्या मंडळाचे निर्णय दिल्लीला परदेशी लवादात घेऊन गेले. हे उलटंही होतं बरं का, २०१९ मध्ये व्यापार संघटनेच्या पॅनलने अमेरिकेतल्या काही राज्यांच्या अक्षय ऊर्जेच्या सवलतींविरुद्ध निकाल दिला, तक्रार आपण केली होती आणि उत्तर वॉशिंग्टनला द्यावं लागलं.

दुसरी केस व्हाइट इंडस्ट्रीजची. ऑस्ट्रेलियन कंपनी, कोल इंडियाशी वाद, २००२ मध्ये लवादाचा निकाल कंपनीच्या बाजूने. मग आपल्या कोर्टांत ते प्रकरण इतकं रेंगाळलं की २०११ मध्ये दुसऱ्या लवादाने या दिरंगाईबद्दलच भारताला दोषी धरलं आणि सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर व्याजासकट द्यायला सांगितले. ज्या उशिराला आपण रोजचा म्हणून सोडून देतो, तोच तिथे कराराचा भंग ठरला.

यानंतर सरकारने गुंतवणूक करारांचा मसुदा २०१६ मध्ये बदलला, कंपनीने आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात दाद मागायची अशी अट टाकली, अमिरातीबरोबरच्या २०२४ मध्ये लागू झालेल्या करारात ती तीन वर्षं आहे. मला वाटतं इथेच आपण गाफील राहतोय. कारण ही तीन किंवा पाच वर्षं जी फाइल इथे तयार होणार, महापालिकेत, महसूल खात्यात, उद्योग विभागात, तीच उद्या लवादासमोर पुरावा म्हणून ठेवली जाणार. टिपणीत कुणी रागाने लिहिलेलं एक वाक्य, कारण न देता नाकारलेली परवानगी, सुनावणी न घेता काढलेला आदेश, सगळं.

पुण्यात यशदासारखी अधिकाऱ्यांना ट्रेनिंग देणारी राज्याची संस्था आहे, ऑनलाइन शिकायला केंद्राच्या मिशन कर्मयोगीचा सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचा प्लॅटफॉर्म आहे, म्हणजे जागा आणि साधनं दोन्ही आहेत. माझी विनंती आहे की हे ट्रेनिंग फक्त सचिव आणि आयएएस लोकांना देऊ नका. कार्यासन अधिकारी, कक्ष अधिकारी, महापालिकेच्या विधी खात्यातले लोक, पर्यावरण आणि उद्योग विभागातले टेबलावरचे लोक, यांना द्या, आणि मराठीतून द्या. व्याख्यान नको, खऱ्या फाइली समोर ठेवा. दाभोळची कागदपत्रं, जेवढी उघड करता येतील तेवढी, वाचायला द्या आणि विचारा की अमुक तारखेला तुम्ही या टेबलावर असता तर काय लिहिलं असतं.

आणि बदल्यांचं काहीतरी करा. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका पदावर साधारण तीन वर्षं मिळतात, अशा केसेस त्याहून कितीतरी लांबतात. माणूस शिकून तयार होतो तोवर त्याची बदली दुसरीकडे, नवीन माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि जुन्याचा फोन नंबरसुद्धा फाइलीत नसतो. अशा प्रकरणात चार्ज देताना घडलेल्या घटनांची तारीखवार टिपणी लिहून दिल्याशिवाय अधिकाऱ्याला कार्यमुक्त करू नये, एवढा एक जीआर काढायला शासनाला काहीच खर्च नाही.

आपली,
एक निवृत्त कक्ष अधिकारी
मुलुंड (पूर्व), मुंबई