ओजसला बोलू दे गं

चिऊ,

समोर बसवून बोलायला लागले की तू पळतेस, म्हणून लिहून तुझ्या दप्तरात ठेवतीय.

21 मार्चला, डाऊन सिंड्रोम दिनाला, शाळेत जे झालं ते मला लई आवडलं. सगळी पोरं दोन पायात दोन वेगळे मोजे घालून आलेली, मोठ्या बाईंनी फळ्यावर मोजे काढून सांगितलं की क्रोमोसोम, म्हणजे पेशीतली गुणसूत्रं, असेच दिसतात, त्यांच्या 23 जोड्या असतात आणि डाऊन सिंड्रोममध्ये 21 नंबरला दोनाच्या जागी तीन येतात, म्हणून तारीख 21 आणि महिना तिसरा. आणि कुणीतरी "हे लागतं का?" विचारल्यावर तू उभी राहून "नाही, जन्मापासूनच असतं, आजार नाही तो" म्हणालीस, ते ऐकून ऊर भरून आला बघ.

आता माझं ऐक. कुणी तुझ्या भावाला, ओजसला, "डब्यात काय?" विचारलं की तूच "थालीपीठ" सांगून मोकळी होतेस. त्याला कळतं गं सगळं, बोलायला वेळ लागतो एवढंच, जिभेचे-ओठांचे स्नायू जरा ढिले असतात ना, स्पीच थेरपी त्यासाठीच तर चालू आहे. तू मनात दहापर्यंत मोज. तो "थापी" म्हणेल, म्हणू दे, उत्तर त्याचं आहे.

आणि मधल्या सुट्टीत त्याला धरून भिंतीपाशी उभी राहू नकोस, तुझ्या मैत्रिणींत जा. कोल्हापूरची पोरं ती, फुटबॉल म्हणजे जीव, त्यांनी त्याला खेळायला घेतलंय, बॉल बाहेर गेला की थ्रो ओजसचाच, मग टीम कुठलीही असू दे, हा नियम पोरांनीच काढलाय! मानेचा सांधा जपायला डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून डोक्यानं बॉल नाही आणि कोलांट्या नाहीत, हे पीटीच्या सरांना माहीत आहे. बाकी पडेल, खरचटेल, उठेल.

त्याला वेगळ्या शाळेत घाला म्हणणारे भेटतील तुला. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला घरी ठेवणाऱ्या आईबापाला दंड लावला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तर ओजससारख्या पोरांना शेजारच्या शाळेत बसायचा हक्कच दिलाय. तो कुणाच्या मेहरबानीवर तिथं बसत नाही.

सोमवारी परिपाठात वार आणि तारीख तो सांगणार आहे. चित्रांची कार्डं करून पाठ करून घेतलंय, बघून त्याला पटकन येतं. तू तुझ्या रांगेत उभी राहा, शब्द पुरवू नकोस, कितीही वेळ लागू दे.

आणि तुझ्या चित्रकला स्पर्धेला मी एकटीच येणार आहे, ओजसला बाबा बघतील, तो पूर्ण दिवस तुझा.

तुझी,
आई