संगणकाच्या बिलावर विंडोजची आवृत्ती लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे कोल्हापुरात एक जुनी पद्धत जोरात चालू लागली. गिऱ्हाईक जुना संगणक घेऊन दुकानात जातं. आतली हार्ड डिस्क मंदावलेली असते. दुकानदार मशीन न उघडता यूएसबी केसमध्ये एक एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) घालतो, तिच्यावर विंडोज 11 टाकतो आणि "आता इथूनच चालू करत जा" म्हणून सांगतो. मशीन पळायला लागतं, गिऱ्हाईक खूश होतं. पुढची मोठी आवृत्ती आली की या ड्राइव्हचं काय होणार, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. मी शिवाजी उद्यमनगरात संगणक दुरुस्तीचं काम करतो. फौंड्रीची ऑफिसं, क्लासवाले, खेड्यातल्या दूध संस्था, सगळीकडून अशी मशिन्स माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

बाहेरच्या ड्राइव्हवरचं विंडोज बहुतेक वेळा 'विंडोज टू गो' पद्धतीनं बनवलेलं असतं. मायक्रोसॉफ्टनं ही सोय विंडोज 8 च्या एंटरप्राइझ आवृत्तीत आणली आणि 2020 मध्ये काढून टाकली. काढताना दिलेलं एक कारण असं, की अशा ड्राइव्हवर मोठं अपग्रेड होत नाही. 'रूफस'सारख्या मोफत साधनानं असा ड्राइव्ह आजही बनवता येतो, आणि साधन उत्तम आहे. पण या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत, 'पोर्टेबल' अशी खूण असते आणि ती दिसली की अपग्रेडचा सेटअप पुढे जायला नकार देतो. दर महिन्याची सुरक्षा अपडेट्स येत राहतात, त्यामुळे वापरणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. मात्र विंडोज 11 होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला फक्त 24 महिने अपडेट्स मिळतात. 23एच2 (2023 च्या उत्तरार्धातली आवृत्ती) ची मुदत 11 नोव्हेंबर 2025 ला संपली, 24एच2 ची 13 ऑक्टोबर 2026 ही आहे. ज्याच्या ड्राइव्हवर 23एच2 आहे आणि अपग्रेड अडलेलं आहे, त्याचं 'नवीन' विंडोज उघड्यावर पडलेलं आहे. त्यावर तो बँकेचे व्यवहार करतो.

रजिस्ट्रीतली ती खूण शून्य केली की अपग्रेड बऱ्याचदा पुढे सरकतं. कंपनी त्याची हमी घेत नाही, त्यामुळे आधी अख्ख्या ड्राइव्हची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढल्याशिवाय याला हात लावू नये. खरी अडचण त्यानंतर येते. अपग्रेडच्या मध्ये मशीन अनेकदा रीस्टार्ट होतं आणि दर वेळी बायोस (मशीन चालू होताना आधी जागा होणारा प्रोग्रॅम) आपल्या यादीतल्या पहिल्या डिस्ककडे वळतं. पहिली आतली डिस्क असेल तर जुनं विंडोज उघडतं आणि बाहेरच्या ड्राइव्हवरचं काम अर्धवट लोंबकळत राहतं. म्हणून सुरुवातीलाच बूटच्या, म्हणजे मशीन कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं त्याच्या, क्रमात बाहेरचा ड्राइव्ह वर घ्यावा. केबल डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावावी, हब वापरू नये. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी झपकते ते सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा यूपीएस किंवा चार्ज झालेली बॅटरी हवीच. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर बूटचा क्रम बदलल्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी कागदावर उतरवून ठेवावी.

दूध संस्थेत दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. त्याच्या आदल्या रात्री मशीन 'सेटअप अपूर्ण' म्हणत बसलं, तर सचिवानं दारात उभ्या असलेल्या लोकांना काय सांगायचं? अशा ठिकाणी हा खेळ करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन आपलं असेल आणि आत जागा असेल तर एसएसडी आतच बसवावी. चार स्क्रू खोलायचं काम आहे, किंमत तीच आणि 'पोर्टेबल'ची भानगड राहत नाही. इंटेल प्रोसेसरची सहावी आणि, थोडे अपवाद सोडता, सातवी पिढी विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही, ही अडचण तरीही उरते. तिथे विंडोज 10 ठेवून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेट्सना नोंदणी करावी आणि तेवढ्या वेळात पुढची तजवीज करावी.

बाहेरच्या ड्राइव्हला माझा सरसकट विरोध नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या लोकांनी काय काय सोडून घरं रिकामी केली, ते शहरानं पाहिलं आहे. अशा वेळी सगळं काम खिशातून नेता येणं ही मोठी गोष्ट आहे. लिनक्ससाठी तर बाहेरचा ड्राइव्ह चांगलाच. उबुंटूसारखी प्रणाली त्यावर नीट अपग्रेड होते, एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या, आवृत्तीला पाच वर्षं अपडेट्स मिळतात. फक्त बसवताना बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) त्याच बाहेरच्या ड्राइव्हच्या ईएफआय विभागात, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेत, गेला आहे का, ते तपासावं. तो आतल्या डिस्कवर गेला तर ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावल्यावर चालू होत नाही आणि ड्राइव्ह काढल्यावर पहिलं मशीनही अडू शकतं. शिवाय नुसतं चालवून बघायला बनवलेला लाइव्ह पेनड्राइव्ह म्हणजे बसवलेली प्रणाली नव्हे. त्याच्यावर अपग्रेड करू नये, जागा भरून तो बंद पडतो. छपाईवाल्यांकडे 2018 ते 2020 मधले मॅक आहेत. त्यांतल्या टी2 या ॲपलच्या सुरक्षा चिपच्या मॅकवर बाहेरून बूट करण्याची परवानगी आधी सुरक्षा सेटिंगमध्ये द्यावी लागते.

राजारामपुरी, शाहूपुरी, स्टेशन रोडवरच्या सर्व दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे. बिलावर तीन गोष्टी लिहून द्या: विंडोज आतल्या डिस्कवर आहे की बाहेरच्या, आवृत्ती कोणती आणि तिची मुदत कधी संपते, पुढचं अपग्रेड सरळ होणार की नाही. लिहायला दोन मिनिटं लागतात. आणि गिऱ्हाइकांनी हे लिहून मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत. ग्रामीण भागातल्या संस्थांच्या सचिवांनी तर आपल्या मशीनवर आजच स्टार्टच्या शोधपेटीत 'विनव्हर' (winver) टाइप करून आवृत्ती पाहावी आणि जुनी निघाली तर बिलाचा दिवस सोडून दुरुस्तीची तारीख ठरवावी.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर