शहापूरच्या अक्कांचे जाहीर आभार

टिळकवाडी, बेळगाव

आदरणीय अक्का,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पण आभार मात्र जाहीरच मानणार. निपाणी, कोल्हापूर, हुबळीकडे आमच्यासारखा छोटा फंड चालवणाऱ्या कुणाला जोखीम मोजायचं सॉफ्टवेअर घ्यायचं असेल, तर तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते त्यांच्याही हाती पडायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचा फंड सेबीच्या २०१२ च्या नियमांतल्या तिसऱ्या श्रेणीतला, म्हणजे बोलीभाषेत हेज फंड: मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा शेअर आणि ऑप्शनसारख्या सौद्यांत लावणारा. अशा योजनेला किमान २० कोटींचा निधी लागतो आणि साधारण गुंतवणूकदाराचा किमान १ कोटी. आम्ही त्या रेषेच्या थोडेच वर आहोत. माणसं मोजकी, हिशेब, जोखीम आणि सेबीचे अहवाल माझ्या टेबलावर. मुंबईतल्या मोठ्या फंडाकडे जोखमीचा वेगळा विभाग असतो. आमच्याकडे तुम्ही होता: बँकेच्या ट्रेझरीत उभी हयात घालवून शहापूरला परतलेल्या, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी दार उघडं ठेवणाऱ्या.

मी विक्रेत्यांची माहितीपत्रकं घेऊन आले, ती तुम्ही बाजूला ठेवलीत. "आधी मला सांगा, तुमचे पैसेवाले कोण?" मी सांगितलं, बहुतेक उद्यमबागेतले फौंड्री आणि मशीनशॉपवाले, काही निपाणीचे तंबाखू व्यापारी. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे गाड्यांचा धंदा बसला की फौंड्रीवाले सगळे एकदमच पैसे मागायला येणार." अक्का, हा प्रश्न एकाही डेमोमध्ये कुणी विचारला नव्हता. आमची योजना खुली आहे, ठरलेल्या मुदतीने पैसे काढता येतात. बाजार पडलेला असताना मागणी एकदम आली, तर मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचे शेअर विकायला किती दिवस लागतील? रोजच्या उलाढालीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त विकायचं नाही असं धरून तो हिशेब तुम्ही माझ्याकडून कागदावर करून घेतलात. मग सॉफ्टवेअरकडून काय हवं, त्या यादीत हाच हिशेब पहिला आला.

दुसरी गोष्ट व्हॅरची, म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव दिवशी तोटा ज्याच्या आत राहील त्या अंदाजाची. एका विक्रेत्याने दाखवलेला आमचा ९९ टक्क्यांचा व्हॅर फारच सुखावणारा होता. तुम्ही एवढंच विचारलंत: दिवस कुठून कुठवरचे घेतलेत? मागच्या ५०० दिवसांचे. म्हणजे त्यातला पाचवा सर्वांत वाईट दिवस हाच व्हॅर, आणि मार्च २०२० त्या ५०० दिवसांत कुठेच नाही. त्या २३ मार्चला निफ्टी जवळपास १३ टक्के पडला होता. १० टक्क्यांवर व्यवहार ४५ मिनिटं थांबले आणि उघडल्यावर घसरण आणखी वाढली. तुम्ही सांगितलंत, आपली आजची पोझिशन, म्हणजे हातातले सगळे सौदे, त्या दिवसावर चालवून दाखवा असं प्रत्येकाला म्हणायचं. आणि ४ जून २०२४ सुद्धा द्यायचा, कारण आदल्या दिवशी तीन टक्क्यांहून जास्त वर गेलेला निफ्टी लोकसभेच्या निकालाच्या दिवशी जवळपास सहा टक्के खाली आला होता.

या चाचणीतच खरा फरक उघडा पडला. एक प्रणाली ऑप्शनचा (ठरलेल्या भावाने घ्यायचा किंवा विकायचा हक्क देणाऱ्या सौद्याचा) तोटा नुसत्या डेल्टावर काढत होती. डेल्टा म्हणजे निर्देशांक एक अंक हलला की ऑप्शनची किंमत किती हलते तो आकडा. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडलेलं गणित मी अजून जपून ठेवलं आहे: निर्देशांक १०,०००, विकलेला पुट, म्हणजे विकायच्या हक्काचा ऑप्शन, ९,५०० चा, डेल्टा ०.२. निर्देशांक १,३०० अंक पडला, तर डेल्टाच्या हिशेबाने तोटा २६० अंक. पण निर्देशांक ८,७०० वर आला की त्या पुटची किंमत ८०० च्या आसपास जाणार. पुट विकताना मिळालेली किंमत, म्हणजे प्रीमियम, वजा केला तरी तोटा २६० च्या दुपटीहून जास्त. पडद्यावर हिरवा दिसणारा आकडा प्रत्यक्षात फंडाच्या गळ्याशी आलेला असू शकतो, हे मला त्या कागदाने शिकवलं. प्रत्येक ऑप्शनची किंमत नव्याने काढणारी प्रणालीच घ्यायची, हे तिथेच ठरलं.

परदेशी प्रणाली दिसायला देखण्या होत्या आणि त्यांचं गणितही पक्कं होतं. पण स्पॅन मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत), शेअर डेरिव्हेटिव्हची (शेअरच्या भावावर बेतलेल्या सौद्यांची) प्रत्यक्ष डिलिव्हरी, मध्येच बदलणारे लॉट (एका सौद्यातली ठरलेली संख्या), हे सगळं आपल्याकडच्या नियमांनी चालतं. लॉट बदलला की तो प्रणालीत कोण बदलणार, ते की आम्ही, हे तुम्ही विचारायला लावलंत. लिव्हरेजचं, म्हणजे स्वतःच्या पैशापेक्षा मोठे सौदे करण्याचंही तसंच. आमच्या श्रेणीला एक्स्पोजर (सौद्यांची एकूण रक्कम) एनएव्हीच्या, म्हणजे फंडाच्या निव्वळ मालमत्तेच्या, दुपटीपुढे नेता येत नाही आणि मर्यादा ओलांडली तर त्याच दिवशी कस्टोडियनला, म्हणजे फंडाचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेला, कळवावं लागतं. हेजच्या, म्हणजे जोखीम कमी करायला घेतलेल्या, पोझिशन कोणत्या अटींवर वजा होतात ते प्रणालीला कळलंच पाहिजे, नाहीतर तो आकडा आमच्या कामाचा नाही.

किमतीबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. डेटाचं शुल्क वेगळं का, बिल डॉलरमध्ये का, आणि करार मोडला तर आमचा जुना डेटा वाचता येईल अशा फायलीत परत मिळेल का, एवढंच लेखी घ्यायला सांगितलंत. शेवटच्या मुद्द्यावर एका विक्रेत्याने लिहून द्यायला नकार दिला, तेव्हा आमचा निर्णय सोपा झाला.

शेवटी आम्ही मध्यम आकाराची देशी प्रणाली घेतली आणि तुमच्या आग्रहाने तिच्या शेजारी पायथन या संगणकभाषेत लिहिलेला आमचा साधा हिशेबही ठेवला, एनएसई या शेअर बाजाराच्या रोजच्या भावकॉपीवर (त्या दिवसाच्या भावांच्या यादीवर) चालणारा. दोन आकड्यांत फरक आला की त्याच संध्याकाळी शोध सुरू होतो. तोटा व्हॅरपेक्षा मोठा झाला ते दिवसही नोंदवतो. २५० दिवसांत असे चारपर्यंत दिवस आले तर बासेलच्या, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, मोजणीत प्रणाली हिरव्या पट्ट्यात, पाच ते नऊ पिवळ्यात, दहा झाले की लाल. ही नोंद गुंतवणूकदारांच्या बैठकीत मांडते. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीवाल्या मामांनी तो तक्ता बघून मला मराठीत नीट प्रश्न विचारले, तेव्हा तुमची फार आठवण झाली.

तुम्ही यातला एक रुपयाही घेतला नाहीत. उलट प्रत्येक वेळी मला जेवायला थांबवून घेतलंत. रोजगार म्हणून केलेलं काम आयुष्यभर इतक्या मनापासून जपणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आमच्या गुंतवणूकदारांना तुमचं नाव माहीत नाही, पण त्यांचे पैसे आज जास्त जाणत्या हातात आहेत, ते तुमच्यामुळे.

विक्रेत्याच्या कराराचं नूतनीकरण जवळ आलंय. मसुदा हाती आला की घेऊन येते. नेहमीसारखा पेन्सिलीने खुणा करून द्या.

तुमची कृतज्ञ,
फंडातली जोखीम बघणारी