देवघरातल्या नागाला मशीन नको

श्रावण आला की घराघरांतले पितळी देव पॉलिशला देण्याची घाई सुरू होते. गेल्या वर्षी नागपंचमीआधी आम्हीही आमचा पाच फण्यांचा नाग एका दुकानात दिला. वीतभर उंचीचा, आजेसासूबाईंच्या काळातला. परत आला तो आरशासारखा चकचकीत. पण अंगावरचे खवले पुसट झाले होते आणि मधल्या फण्याचे डोळे बोटाला लागेनातच. पूजेला बसले आणि रडूच फुटलं.

अशा जुन्या मूर्ती बऱ्याचदा मेणावरून ओतलेल्या असतात. आधी मेणात खवला न् खवला कोरायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा. भट्टीत मेण वितळून निघून गेलं की त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून हुबेहूब तशी दुसरी निघत नाही. पॉलिशचं चाक नेमकं हे बारीक काम घासून नेतं. ॲसिडने पितळेतलं जस्त आधी विरघळतं आणि तांबूस डाग उरतात. चिंच-लिंबूही सारखं नको. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं सुती फडकं एवढं पुरतं. खाचेतलं जुनं कुंकू काडीने हळूच काढावं, टाचणीने नव्हे. नंदी, कासव, मारुती सगळ्यांना हेच.

पॉलिशवाल्यांना हात जोडून विनंती, कोरीव मूर्ती आली तर चाक लावण्याआधी घरच्यांना एकदा विचारा.

– एक वाचक, कराड