नळीबद्दल एक ओळ तरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘सणाआधी घर चकाचक’ हा पानभर मजकूर वाचला. मजकूर म्हणतो, कारण लेख कुठे संपतो आणि खालची जाहिरात कुठून सुरू होते, ते चष्मा पुसूनही कळलं नाही. असो. गालिचा, सोफा, गाद्या ‘गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं’ कशा स्वच्छ होतात, रंग कसा खुलतो, पंख्याखाली किती वेळात वाळतं, सगळं आलं. ज्या नळीतून ते गरम पाणी जोरानं येतं, तिच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आणि तो फोटो! पांढराशुभ्र गालिचा, त्यावर हसरा मुलगा, पाय अनवाणी आणि नळी खांद्यावरून मानेमागे टाकलेली. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये आयुष्य काढलं. आमच्याकडे असं कुणी नळी गळ्यात घालून उभा राहिला असता, तर सुपरवायझरनं त्याला त्याच पावली घरी धाडला असता. तुम्ही त्याला चार रंगांत छापलात.

रिसेप्शन आटोपून पाहुणे गेले की रात्री बँक्वेट हॉलचे गालिचे धुवायला घ्यायचे, हे आमचं काम. मशीन तेच, तुमच्या लेखातलं: गरम पाणी दाबानं तंतूंमध्ये मारायचं आणि मागोमाग मळासकट ओढून घ्यायचं. पण मशीनचं बटण दाबण्याआधी नळी पूर्ण उलगडून टॉर्चच्या उजेडात बघावी लागे. कुठे फुगा धरलाय का, वरचं रबर चिरून आतली तारेची जाळी दिसतेय का, मुरगळून कायमची घडी पडलीय का. दिसलं की नळी बाद. टेप नाही, क्लिप नाही, ‘आजच्या दिवस चालवून घेऊ’ नाही. आणि बारीक गळती आहे असं वाटलं तर बोट फिरवून शोधायचं नाही, पुठ्ठा धरायचा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून काटा टोचल्यासारखा ठिपका दिसतो, माणूस फुंकर मारून कामाला लागतो आणि आत बोट खराब होत राहतं. अशा जखमेला मलम लावून घरी बसायचं नसतं, तडक सर्जनकडे जायचं असतं.

आता हे मी इतक्या पोटतिडकीनं का लिहितोय, तर गेल्या वर्षी गणपतीआधी आमच्या शेजाऱ्यांनी मोबाइलवरून अशीच एक सेवा मागवली. दोन मुलं स्कूटरवर मशीन घेऊन आली. मी सवयीनं नळी बघायला गेलो. मधोमध पितळी जोड, दोन्ही अंगांना स्क्रूड्रायव्हरनं आवळलेल्या क्लिपा आणि वरून काळी टेप. विचारलं, हे काय? त्यातला मोठा म्हणाला, “काका, काही होत नाही. रोज चालतं.”

त्याला दोष देत नाही. नळी त्यानं विकत घेतली नव्हती, जोडही त्यानं मारला नव्हता. पण गरम पाण्यानं रबर मऊ होतं, गार झालं की आकसतं आणि हे रोज चाललं की क्लिपेची पकड आपोआप ढिली पडते. दाबाच्या नळीला टोक बसवायचं ते क्रिम्पिंग मशीनवर दाबूनच. बाजारात ते काम करून मिळतं, फार पैसेही पडत नाहीत.

सोफ्याची एक बाजू होते न होते तोच जोड निसटला. नळी फरशीवर वळवळली आणि पाणी धाकट्या मुलाच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. शेजारीणबाई धावत टूथपेस्ट घेऊन आल्या. (तुमच्याच पुरवणीतल्या ‘आजीचा बटवा’मध्ये भाजल्यावर टूथपेस्ट लावा असं आलं होतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो. कृपा करून असलं काही छापत जाऊ नका.) मी त्याचा हात मोरीतल्या नळाखाली धरला. साधं वाहतं पाणी, चांगली वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही. कातडी सुटायला लागली होती. आणि तो पोरगा त्या अवस्थेत काय म्हणत होता? “ऑफिसला फोन करू नका, पैसे कापतील.”

फोन अर्थातच केला. पलीकडच्या गोड आवाजानं सांगितलं की मुलानं प्रेशर न सोडता कपलिंग, म्हणजे नळीचा जोड, काढलं असणार, आम्ही सगळ्यांना ट्रेनिंग देतो. मुलगा कपलिंगच्या जवळपासही नव्हता. बरं, प्रेशर सोडायचं म्हणजे काय, तर मशीन बंद केलं तरी नळीत दाब अडकून राहतो, म्हणून आधी हातातल्या फवारा मारायच्या गनचा खटका दाबून पाणी जाऊ द्यायचं आणि मगच जोड उघडायचा. हे त्या दोघांना कुणी सांगितलं होतं का? मी विचारलं. त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. संध्याकाळी शेजाऱ्यांना मेसेज आला: आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल? बिल पूर्ण सोफ्याचं.

‘पाणी उकळतं थोडंच असतं’ असं कुणी म्हणेल. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजतं, सत्तरच्या पुढे तेवढाही वेळ मिळत नाही. बाह्यांचा शर्ट असेल तर कापड भिजून अंगाला चिकटतं, म्हणजे पाणी गेलं तरी भाजणं थांबत नाही. अमेरिकेत गाडीवर बसवलेली मोठी मशीनं असतात, गाडी दाराशी उभी करतात आणि लांबलचक नळी घरात नेतात. तिथे काम साधारण तीनशे ते पाचशे पीएसआयवर (हे दाब मोजायचं माप) चालतं आणि नळी असते 3000 पीएसआय, 250 अंश फॅरनहाइटची. म्हणजे आपल्या 121 सेल्सिअसची. दाब आणि तापमान दोन्ही नळीवर छापलेलं असतं. आपल्याकडे नुसता दाब विचारतात, तोही विचारला तर. गार पाण्याला उत्तम चालणारी जाळीवाली पारदर्शक पीव्हीसी नळी गरम पाण्यात लिबलिबीत होते, हे बागेला पाणी घालणाऱ्या कुणालाही उन्हाळ्यात दिसतं. तीच नळी मी या मशीनांना लावलेली पाहिली आहे.

यावर कुणाचं लक्ष? बॉयलरचा 1923 चा कायदा गेला, 2025 चा नवा आला. पण 25 लिटरच्या आतलं भांडं किंवा 100 अंशांच्या आत पाणी तापवणारं यंत्र त्यात बसतच नाही. बरोबरच आहे, सोफा धुवायच्या मशीनला बॉयलर इन्स्पेक्टर कशाला? माझंही तसं म्हणणं नाही. पण स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नळीवर आयएसआयचा शिक्का असतो, पाच वर्षांनी बदला म्हणून गॅसवाले मागे लागतात आणि आपण बदलतोही. या नळीचं वय मात्र ती फाटेल तेव्हा कळतं.

तेव्हा पुढच्या रविवारी, जाहिरातीतून जागा उरलीच, तर एक चौकट टाका. मशीन घरात आलं की गिऱ्हाइकानं नळीवर दाब, तापमान आणि तारीख छापलेली आहे का ते बघावं. मधे जोड, क्लिप, टेप दिसली तर मुलांना चहा पाजून परत पाठवावं. धुणाऱ्याच्या पायात बूट असावेत, हातात गरम पाण्याला टिकणारे हातमोजे असावेत, आणि पोरंबाळं दुसऱ्या खोलीत. नळी गळ्यात नको. फोटोतल्या मुलालाही कळवा.

पत्र नेहमीप्रमाणे कापालच. मागच्या वेळी माझ्या पत्रातला निम्मा मजकूर उडवून वर मी लिहिलंच नव्हतं असं एक वाक्य आलं होतं. यंदा काय कापायचं ते कापा, पण पुठ्ठ्याचं आणि वीस मिनिटांच्या नळाचं तेवढं ठेवा.

आपला,
एक निवृत्त हाउसकीपिंग कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)

ता. क. – मंगळवारच्या शब्दकोड्याचं उत्तर बुधवारी आलं नाही, गुरुवारीही नाही. ‘सात आडवे’ अजून अडलेलं आहे.