विंध्याची भिंत आणि बऱ्हाणपूरची वाट

महोदय,

कालच्या पुरवणीतला मध्ययुगीन भारतावरचा पानभर लेख वाचला. लेखक विद्वान आहेत याबद्दल वाद नाही. पण ‘विंध्याच्या भिंतीमुळे दक्षिण शतकानुशतके अलग राहिली’ हे वाचून चहा घशाखाली उतरेना. मग १२९६ साली अल्लाउद्दीन एलिचपूरवरून देवगिरीवर चालून आला तो कसा? आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीकर दौलताबादेला आणले, ते काय विमानाने?

मी भुसावळचा. हयात मालगाडीचा गार्ड म्हणून गेली. बऱ्हाणपूर सोडलं की ब्रेकव्हॅनमधून तापीकाठच्या केळीच्या बागा मागे पडताना दिसतात, मग चढ लागतो, सातपुडा दोन्ही अंगांनी जवळ येतो, आणि खंडवा येईपर्यंत आपण नर्मदेच्या बाजूला पोचलेलो असतो. विंध्य त्याही पलीकडे, नर्मदेच्या उत्तरेला! सातपुड्यातली ही खिंड रेल्वेने शोधलेली नाही. तिच्या उशाशी असीरगड उगाच बांधला नाही कोणी. खानदेशच्या फारुकी सुलतानांचं सगळं बळ त्या गडात होतं. अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला, महिनोन्‌महिने वेढा चालला, १६०१ साली गड पडला, तेव्हा कुठे मोगलांना दख्खनचा रस्ता मोकळा झाला. मुमताज वारली तीही बऱ्हाणपुरातच, १६३१ साली. आपण ताजमहालाचा फोटो पाव पान छापलात. बऱ्हाणपूरचं नाव मात्र अख्ख्या लेखात एकदाही नाही.

तिथल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, तिथी-नक्षत्रासकट. फारुकी सुलतानाने कोरवलेला. लेखकमहाशयांनी एकदा जाऊन यावं. भुसावळहून पॅसेंजरने अर्धा दिवसही लागत नाही.

हेच सगळं मी गेल्या वर्षीही लिहून पाठवलं होतं. आपण पत्र छापलंत, आभार. फक्त बऱ्हाणपूर आणि असीरगडचा परिच्छेद कापलात आणि सुरुवातीचं ‘लेख वाचनीय होता’ एवढं सौजन्य तेवढं ठेवलंत. जावयाचा अभिनंदनाचा फोन आला. काय बोलणार? या वेळी म्हणून लेख वाचनीय होता असं कुठेही लिहिलेलं नाही.

जाता जाता नकाशाबद्दल. नर्मदा भडोचजवळ समुद्राला मिळते, तापी सुरतेजवळ. आपल्या चित्रकाराने दोघींना एकाच मुखातून सोडलंय. आणि खानदेश जिथे असायला हवा, तिथे कुठल्याशा कोचिंग क्लासची जाहिरात आहे, प्रवेश मर्यादित. पुरवणीची किंमत आम्ही खानदेशवालेही पुण्या-मुंबईइतकीच मोजतो.

आपला,
एक निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ